विश्वासाचा कार्यभार

सन २०११ च्या पावसाळ्यातली ही गोष्ट आहे. तेव्हा मी झारखंडमधील एका जिल्ह्यात उपायुक्त होतो. महाराष्ट्रात ज्याला आपण जिल्हाधिकारी किंवा कलेक्टर म्हणतो त्याला तिकडे उपायुक्त म्हणतात, आणि लोकांच्या तोंडी तो 'डीसी साहब' असतो. रोजच्या डाकेत रस्ते, रेशन, जमिनीचे वाद, पेन्शन असे नाना विषयांचे कागद येत. त्यांत एके दिवशी एका कस्तूरबा गांधी बालिका विद्यालयाच्या वॉर्डनबाईंचे पत्र होते. विषय होता, 'उद्दंड छात्रा के निष्कासन के संबंध में'.

ही विद्यालये म्हणजे काय ते आधी सांगितले पाहिजे. केंद्र शासनाने २००४ साली ही योजना सुरू केली. ज्या तालुक्यांत मुलींचे शिक्षण मागे पडले होते (तिकडे तालुक्याला प्रखंड म्हणतात) तेथे शाळा सुटलेल्या किंवा शाळेत कधीच न गेलेल्या, दहा वर्षांपुढच्या मुलींसाठी सहावी ते आठवीची निवासी शाळा असावी, ही मूळ कल्पना. तीन चतुर्थांश जागा अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग व अल्पसंख्याक मुलींसाठी आणि उरलेल्या दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतल्या मुलींसाठी. मराठी वाचकांनी आपल्याकडची आश्रमशाळा डोळ्यांसमोर आणावी, फक्त मुलींची. शिक्षिका बहुतेक कंत्राटी, त्यांतल्या काही अंशकालीन, आणि मुलींच्या बरोबरीने त्याही वसतिगृहातच राहणाऱ्या.

पत्र दीड पानाचे होते. सहावीतील एक मुलगी इतर मुलींना मारते, ताट भिरकावते, वर्गातून न सांगता निघून जाते, रात्री झोपत नाही व दुसऱ्यांना झोपू देत नाही, पेटीत पोळ्या लपवते आणि त्यांना मुंग्या लागतात. तिचा इतर छात्रांवर वाईट परिणाम होत आहे. सबब तिला काढून टाकण्याची परवानगी मिळावी, अथवा तिला कांकेला पाठवण्याची व्यवस्था व्हावी. रांचीजवळच्या कांके येथे १९१८ पासून मोठे मनोरुग्णालय आहे. आपल्याकडे चेष्टेने 'येरवड्याला पाठवा' म्हणतात, तसे तिकडे 'कांके' म्हणतात. मुलीला बालकल्याण समितीच्या आदेशाने दाखल केले असून तत्पूर्वी ती दिल्लीत घरकामाला होती, ही माहिती पत्राच्या अगदी शेवटी, 'संदर्भ' म्हणून, एका ओळीत होती.

अशा मुलांची ओळख उघड करण्यास कायद्याने बंदी आहे. म्हणून मुलीचे, शाळेचे व जिल्ह्याचे नाव मी येथे देत नाही. पण तिची कहाणी त्या भागात एकटीची नव्हती. गावातली कुणी ओळखीची बाई किंवा दूरचा नातेवाईक 'चांगल्या घरी काम मिळवून देतो' म्हणून मुलीला रेल्वेत बसवतो, दिल्लीतल्या एखाद्या 'प्लेसमेंट एजन्सी'च्या हवाली करतो, आणि तेथून ती कुणाच्या तरी फ्लॅटमध्ये जाते. चौदा वर्षांखालील मुलांना घरकामास ठेवण्यावर १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. माझ्या वाचकांपैकी पुष्कळजण नोकरीनिमित्त दिल्ली, गुडगाव, नोएडाला राहिले आहेत. त्यांनी अशी मुलगी शेजारच्या घरात पाहिली असण्याचा संभव आहे.

मी त्या आठवड्यात शाळेला भेट दिली. मुलगी बारा वर्षांची असावी. मी तिला नाव विचारले, गाव विचारले, काही त्रास आहे का असे विचारले. ती भिंतीकडे पाहत राहिली. नंतर लक्षात आले की हेच प्रश्न तिला दिल्लीच्या पोलिसांनी, तिथल्या समितीने, इथल्या पोलिसांनी, इथल्या समितीने आणि शाळेत दाखल करताना वॉर्डनबाईंनी विचारले होते. मी सहावा होतो. माझ्यामागे अंगरक्षक, शिक्षण अधीक्षक आणि दोन लिपिक उभे होते, हा तपशीलही सांगायला हवा.

परत येऊन मी टिप्पणी लिहिली. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला होता. त्याच्या कलम १६ अन्वये प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही, आणि कलम १७ अन्वये शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना बंदी आहे. (२०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत नापास करण्याची मुभा मिळाली, पण काढून टाकण्यावरची बंदी आजही कायम आहे.) मी दोन्ही कलमे उद्धृत करून परवानगी नाकारली. आदेश नेमका होता व तो लिहिल्याचे मला समाधान वाटले. वॉर्डनबाईंना बैठकीत तो समजावून सांगितला तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "सर, क़ानून से तो वह रह जाएगी. पर रहेगी कैसे?"

मला तो प्रश्न उद्धटपणाचा वाटला. त्या बाई कंत्राटी नोकरीत, वेळेवर न येणाऱ्या मानधनावर दीडशेच्या वर मुली सांभाळत होत्या, आणि त्यांनी विचारलेले अगदी खरे होते, हे मला उमगायला एक वर्ष लागले.

पुढच्या मासिक आढाव्यांत त्या शाळेच्या नावापुढे तक्रारींच्या रकान्यात 'निरंक' येऊ लागले. माझ्या आदेशाचा परिणाम झाला, असे मी धरून चाललो.

जुलै २०१२ मध्ये शिक्षिकांच्या बदल्यांची एक यादी माझ्यासमोर आली. एका विद्यालयातल्या धान्याच्या साठ्यात घोळ सापडला होता. चौकशीत असे दिसले की तीच ती माणसे वर्षानुवर्षे एका जागी राहिल्याने आपापसांत साखळी तयार झाली होती. तेव्हा ज्यांना एका ठिकाणी तीन वर्षे झाली असतील त्या सर्वांना हलवावे असा प्रस्ताव होता. प्रस्तावात गैर काहीच नव्हते. अकरा नावे होती. 'तत्काळ प्रभावाने कार्यमुक्त' असे नेहमीचे शब्द होते. मी सही केली. त्याला पाच मिनिटेही लागली नसतील.

त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी फोन आला की ती मुलगी वसतिगृहातून नाहीशी झाली आहे.

अशा वेळी त्या जिल्ह्यात पहिला विचार दिल्लीचाच येई. पोलीस अधीक्षकांनी बसथांबे व रेल्वे स्थानकांवर माणसे लावली. त्या रात्री मी घरी गेलो तेव्हा माझी मुलगी जागी होती. "सापडली का?" तिने विचारले. ती तेव्हा आठवीत होती आणि ही तिची पाचवी शाळा होती. तिच्या खोलीत पुस्तकांचे दोन खोके भिंतीला लागून तसेच बांधलेले होते. वर्षभरापूर्वी आम्ही त्या बंगल्यात आलो तेव्हा ती म्हणाली होती, "बाबा, इथे किती दिवस ते सांगा, म्हणजे मी किती खोके उघडायचे ते ठरवते." आम्ही त्यावर हसलो होतो. घराबाहेर राहणाऱ्या पुष्कळ मराठी कुटुंबांत असे न उघडलेले खोके असतील.

सोमवारी संध्याकाळी ती सापडली. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका लहानशा रेल्वे स्थानकावर, फलाटाच्या टोकाला ती बसली होती. अंग भिजलेले, जवळ एक पत्र्याचा डबा. चहावाल्याला ती एका प्रखंडाचे नाव घेऊन गाडी केव्हा आहे असे विचारत होती, म्हणून त्याने रेल्वे पोलिसांना कळवले. त्या प्रखंडाला रेल्वे जातच नाही. लांबच्या ठिकाणी जायचे तर रेल्वेने जातात, एवढेच तिला ठाऊक होते. आणि त्या प्रखंडात, माझ्या यादीतल्या सातव्या नावाच्या शिक्षिकेची बदली झाली होती.

मंगळवारी मी चौकशीला स्वतः गेलो. या वेळी गाडी फाटकाबाहेर ठेवून एकटाच आत गेलो आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसलो. जे वर्षभरात मला कुणी सांगितले नव्हते, कारण मी ते कुणाला विचारले नव्हते, ते तिथे कळले. थोडे स्वयंपाकीणबाईंनी सांगितले, थोडे मुलींनी, आणि बाकीचे नंतर त्या शिक्षिकेने. मुली तिला 'बडी दीदी' म्हणत. ती अंशकालीन शिक्षिका होती, त्याच भागातली, मुंडारी बोलणारी. बालमानसशास्त्राचे शिक्षण तिने घेतलेले नव्हते.

दीदीने पहिली गोष्ट केली ती पोळ्यांची. तोवर रोज पेटी तपासून लपवलेल्या पोळ्या फेकल्या जात, आणि मुलगी दुसऱ्या दिवशी जास्त लपवी. दीदीने तपासणी थांबवली. तिने झाकणाचा एक डबा आणून त्यात चुडा (म्हणजे आपले पोहे) भरला आणि सांगितले की हा तुझा, यातले केव्हा खायचे ते तू ठरव, दर शनिवारी रात्री मी तो भरीन. मग तिने तो दर शनिवारी भरला. एकदा प्रखंड कार्यालयातली बैठक लांबली, तेव्हा ती शेवटच्या ट्रेकरला लोंबकळत रात्री नऊला परतली आणि आधी डबा भरला. त्या भागात जीपसारख्या प्रवासी गाडीला ट्रेकर म्हणतात. पोळ्या लपवणे बंद व्हायला चार महिने लागले.

दुसरे, तिने दिल्लीबद्दल एक अक्षर विचारले नाही. संध्याकाळी दोघी तांदूळ निवडायला बसत. समोरासमोर बसण्याऐवजी शेजारी बसत, दोघींचे डोळे सुपात. पहिले काही आठवडे मुलगी बोललीच नाही. मग एकदा आपण होऊन बोलली, आणि तेही दिल्लीबद्दल नव्हे, तर गावातल्या एका शेळीबद्दल.

तिसरे, मारामारीचे. दीदीच्या लक्षात आले की पाठीमागून कुणी अचानक हात लावला की मुलगी उलटून मारते. तिने इतर मुलींना सांगितले की हिला हाक मारून मग जवळ जा. निम्मी भांडणे त्यानेच कमी झाली. उरलेल्यांसाठी नियम ठरवला, आणि तो सगळ्या मुलींना सारखा होता: जिने ताट फेकले तिने ते उचलून धुवायचे, आणि जिला लागले तिची हातपंपावर पाणी भरण्याची पाळी दोन दिवस करायची. रागाच्या भरात असताना दीदी काहीच बोलत नसे, जरा अंतरावर बसून राही. नंतर, सगळ्यांसमोर नव्हे तर एकटी असताना, झाले ते काय होते एवढेच विचारी. आणि पाळी भरून झाली की विषय संपला. मागच्या चुका पुन्हा काढायच्या नाहीत, ही तिने स्वतःला घातलेली अट होती.

वर्गातून न सांगता निघून जाण्यावर तिने तोड काढली, की गुदमरल्यासारखे झाले तर वही टेबलावर ठेवून बाहेर करंजाच्या झाडापर्यंत जायचे आणि परत यायचे. विचारण्याची गरज नाही, पण वही ठेवलीच पाहिजे. म्हणजे ती पळाली नाही, गेली आहे आणि येणार आहे, हे दोघींनाही माहीत असे.

हे सारे ऐकताना सरळ चढत्या रेषेसारखे वाटते, पण तसे नव्हते. दीदीने जवळ घेतल्यावर पहिला महिनाभर मुलगी आधीपेक्षा वाईट वागली. तिने दीदीची छत्री मोडली, तिच्या हाताला चावली. वॉर्डनबाई म्हणाल्या, तू तिला बिघडवते आहेस. दीदीचे म्हणणे असे, "देख रही थी सर, कि हम भी भगाते हैं कि नहीं." ज्या मुलाला मोठ्या माणसांनी फसवले आहे ते नव्या माणसावर सहज विसंबत नाही. ते आधी त्याची परीक्षा घेते, आणि ती परीक्षा फार अप्रिय असते. बहुतेक शिक्षक नेमके त्या महिन्यातच हात टेकतात आणि मग मुलाचा समज पक्का होतो. पुस्तकांतूनही मी पुढे हे वाचले, पण मला ते प्रथम कळले त्या ओट्यावर.

आता माझ्या आदेशाकडे येतो. आदेश शाळेत गुरुवारी सकाळी पोचला. 'तत्काळ' हा शब्द पाहून वॉर्डनबाईंनी दीदीला त्याच दुपारी मोकळे केले. मुली वर्गात होत्या. निरोप घेऊ दिला तर रडारड होईल, म्हणून तिला मागच्या फाटकाने पाठवले. मुलीने शुक्रवारी काही विचारले नाही. शनिवारी रात्री ती डबा पुढ्यात घेऊन अंथरुणावर बसून राहिली. रविवारी पहाटे ती निघाली.

दीदीला मी साठ किलोमीटरवरच्या नव्या शाळेतून बोलावून घेतले. ती आली, तेव्हा मुलीने तिच्याकडे पाहिले नाही. हातपंपावर जाऊन तिने डबा धुतला आणि दीदीसमोर पालथा घालून ठेवला. दीदी माझ्याशी रागाने बोलली नाही. एवढेच म्हणाली, "सर, मी तिला शब्द दिला होता, की कुठेही गेले तर सांगून जाईन. बदली तर होणारच, ते आम्हाला ठाऊक असते. मला काही दोन महिने नको होते. अर्धा तास पुरला असता."

नोकरीत माझ्यावर टीका पुष्कळ झाली. इतकी नेमकी क्वचितच.

तिची बदली रद्द करावी हा पहिला विचार आला. पण एकीची रद्द केली तर उरलेल्या दहाजणींनी का मागू नये? आणि त्या दहाजणींच्या शाळांतही असा एखादा डबा नसेल कशावरून? तेव्हा अकराही बदल्या मार्चपर्यंत, म्हणजे सत्र संपेपर्यंत, पुढे ढकलल्या. त्यासोबत तीन सूचना दिल्या. एक, निवासी शाळेतली बदली सत्राच्या मध्यात होणार नाही. तक्रार गंभीर असेल तर गोष्ट वेगळी. दोन, जाणाऱ्या शिक्षिकेने मुलींना आपल्या तोंडाने, आधी सांगायचे. तीन, कार्यभार देताना एक जादा पान भरायचे. चाव्या, रोकडवही, साठा नोंदवही यांची यादी प्रत्येक कार्यभार अहवालात असते. पण कोणत्या मुलीला आपण कोणता शब्द दिला आहे, तो कोण पुढे पाळणार, याची नोंद कुठेच नसते. ती या पानावर यायची होती, आणि मुलीने विश्वासाने सांगितलेले तिचे खाजगी तेवढे त्यात लिहायचे नव्हते.

फेरबदलामागचा विचारही मी सोडून दिला नाही, हे स्पष्ट केले पाहिजे. वसतिगृहांत मुलांचा विश्वास संपादन करून त्याचा अत्यंत घाणेरडा गैरफायदा घेणारी माणसेही असतात. त्याच वर्षी, १४ नोव्हेंबर २०१२ पासून, बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा पॉक्सो कायदा लागू झाला तो उगाच नव्हे. मूल एकाच व्यक्तीवर विसंबून असेल, ते नाते बंद दाराआड असेल आणि त्यावर कुणाचीच नजर नसेल, तर तो धोकाच आहे. दीदीचे सगळे व्यवहार ओट्यावर, अंगणात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चालत, ही तिच्या बाजूची मोठी गोष्ट होती. म्हणून आम्ही असे ठरवले की अशा प्रत्येक मुलीला जवळची अशी दोन मोठी माणसे असावीत. दीदीने स्वयंपाकीणबाईंना सोबत घेतले. शनिवारचा डबा दोघी मिळून भरू लागल्या.

भरू लागल्या असे मी म्हणतो, पण तो डबा दोन महिने पालथाच होता. सप्टेंबरमध्ये करमा सण आला. करम वृक्षाची फांदी अंगणात रोवून मुली रात्रभर हातात हात गुंफून नाचतात. त्या रात्री मुलगी रांगेत दीदीच्या शेजारी येऊन उभी राहिली. त्यानंतरच्या शनिवारी डबा सुलटा ठेवलेला होता. मोडलेला शब्द दुरुस्त करायला पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि तो वेळ त्या मुलीने व दीदीने भरला. सही माझी होती.

पुढे कांकेलाही जावे लागले. झोपेचा त्रास कमी होईना, आणि केवळ मायेने सगळे बरे होते असे मानणे हाही एक हलगर्जीपणाच आहे. पण या वेळी दीदीने तिला आदल्या दिवशी सगळे सांगितले: कोणती बस, किती वेळ, डॉक्टर काय विचारतील, उत्तर द्यायचे नसेल तर काय करायचे, आणि संध्याकाळी आपण दोघी परत येणार. त्या दोघी संध्याकाळी परत आल्या. त्यानंतर दर महिन्याला जाऊ लागल्या.

मराठी माणसाला या संदर्भात साने गुरुजी आठवणे साहजिक आहे. १९२४ ते १९३० या काळात ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयात मुलांच्या खोल्या, अंथरुणे स्वतः आवरीत असत. आपण त्यांना मातृहृदयी म्हणून हात जोडतो आणि मोकळे होतो, जणू तो काही दैवी गुण होता. मला आता वाटते की त्यात दैवी काही नसून रोजच्या रोज, न चुकता केलेले काम होते. आणि रोजच्या रोज काम करण्यासाठी माणूस तिथे असावा लागतो. शासन मूल आणि शिक्षक यांच्यात विश्वास निर्माण करू शकत नाही. तो जिथे निर्माण झाला आहे तिथे तो तुडवला जाऊ नये, एवढी व्यवस्था मात्र करू शकते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळांमध्ये समुपदेशक व समाजकार्यकर्ते असावेत असे म्हटले आहे. ते जरूर असावेत. पण तेही जर सहा-सहा महिन्यांच्या कंत्राटावर येऊन जाणार असतील, तर मुलाने मन मोकळे करायला आणखी एक अनोळखी माणूस, एवढाच त्याचा अर्थ होईल.

मार्च २०१३ मध्ये दीदी बदलीवर गेली. जानेवारीतच तिने मुलीला सांगितले होते. जाण्याआधी एका रविवारी ती तिला ट्रेकरने नव्या शाळेपर्यंत घेऊन गेली, खोली दाखवली, वाट दाखवली. मुलगी खूप रडली. पण पळाली नाही. आठवी तिने पुरी केली, ते मला पुढे कळले.

माझी बदली त्याच वर्षी मेमध्ये झाली, अर्थातच 'तत्काळ'. दोन दिवस हातात होते. त्यांतली एक सकाळ मी त्या शाळेसाठी काढली. सुट्या लागायला आठवडा होता. मुली अंगणात होत्या. मी जात असल्याचे त्यांना सांगितले. ती मुलगी मागे उभी होती, पुढे आली.

"कहाँ जा रहे हैं?"

मी म्हणालो, राँची.

"और यहाँ कौन आएगा?"

मला ते ठाऊक नव्हते. पहिल्या भेटीत मी तिला जे प्रश्न विचारले होते त्यांतल्या एकाचेही उत्तर तिने दिले नव्हते. आता तिच्या एका प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. मी तसे सांगितले, आणि म्हणालो की कळले की फोन करून स्वयंपाकीणबाईंना सांगेन, त्या तुला सांगतील.

राँचीला रुजू झाल्यावर पाचव्या दिवशी नव्या उपायुक्तांची नेमणूक झाली. मी शाळेत फोन लावून नाव सांगितले. निरोप मुलीपर्यंत पोचला का, हे दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करून विचारले. पोचला होता.